फोटोतून कापलेला डावा हात

पत्रकावरचा फोटो मीच काढला होता. सुपारी सोलायच्या पडवीत, दुपारच्या उजेडात, मोबाइलवर. आईने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते. बोटांच्या मुळाशी टेंगळं आली होती आणि मनगटं इतकी सुजली होती की बांगड्या वर सरकत नव्हत्या. मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते, तिथल्या कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला आणि डावा हात कापून टाकला.

डावा हात उजव्याइतकाच सुजलेला होता, आणि तेच मला अडचणीचं वाटलं. सुपारी सोलताना सुरी उजव्या हातात असते. वाळून कडक झालेल्या असोल्या सुपारीत पात्याचं टोक घालायचं, मनगटाला पीळ द्यायचा आणि साल उचकटून काढायची, हे सगळं उजवा हात करतो. डावा नुसती सुपारी धरतो, फिरवतो आणि टोपलीत टाकतो. पत्रकात माझं आणि वडिलांचं म्हणणं होतं की या कामाने बायकांचे हात गेले. मग डावा का सुजला, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. म्हणून तो हात काढला. वडिलांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर केलंस. पत्रकात एकच हात असावा. दोन दाखवले की लोक तुलना करत बसतात."

वडील एसटीत कंडक्टर होते. श्रीवर्धनहून सुटणाऱ्या बहुतेक गाड्यांवर त्यांनी तिकिटं फाडली आणि त्याच गाड्यांमधून कामगार संघटनेची पत्रकं वाटली. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरूनच. आमच्या घरात डब्यांच्या तळाशी पत्रकं असायची, वह्यांना कव्हरं पत्रकांची, गळक्या कौलाखाली ठेवलेल्या पातेल्याच्या बुडाला पत्रक. इतर मुली देवाची गाणी पाठ करायच्या, मी मागण्या पाठ करायचे. त्यातून एक गोष्ट माझ्या अंगात मुरली. माणसाला दुखतं तेव्हा ते कुणामुळे तरी दुखतं. तो कोण ते शोधायचं, त्याचं नाव ठळक टाइपात छापायचं. अजूनही मला हे बऱ्याच अंशी खरं वाटतं. फक्त आता ते लिहिताना माझा हात अडखळतो.

आई सुपारीचा व्यापार करणाऱ्या शेटच्या पडवीत सुपारी सोलायला जायची. चक्रीवादळात सुपारीच्या वाड्या झोपल्या, पोफळी मोडून एकमेकींवर पडल्या, तरी उरलेल्या झाडांची आणि बाहेरून आणलेली सुपारी शेटकडे येत राहिली. पंधराएक बायका जमिनीवर बसून सोलायच्या. आई आणि तिच्या शेजारी बसणारी मावशी या दोघी सगळ्यांत जुन्या. ही माझी सख्खी मावशी नव्हे, आईची मैत्रीण. आईचा वेग असा होता की मावशी म्हणायची, "हिच्याशेजारी बसलं की मला आळशी असल्यासारखं वाटतं गो." आई हसायची. तिला गप्पा मारायला फार जमायचं नाही. तिचा सगळा मान तिच्या हातांत होता, आणि हात चालते राहावेत एवढंच तिला हवं होतं.

वादळानंतरच्या वर्षी ते हात सकाळी वळेनासे झाले. उठल्यावर परकराची नाडी बांधता येईना. दुधाची पिशवी ती दातांनी फाडायला लागली. भाकरी थापायची म्हणजे नऊ वाजेपर्यंत थांबायचं. मी पत्रकासाठी तिच्याकडून सगळं विचारून घेतलं आणि वहीत उतरवलं.

"कधी जास्त दुखतं?"

"सकाळी. उठल्या उठल्या मूठच वळत न्हाय."

"आणि सोलून सोलून संध्याकाळी?"

"तवा कमी अस्तं. काम केलं की मोकळं होतात बघ."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहिलं आणि पत्रकात घेतलं नाही. कामाने हात मोकळे होतात हे आम्ही छापलं असतं तर शेटनेच ते वाचून दाखवलं असतं. मी खोटं काही लिहिलं नाही, असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होते. ते खरंही होतं. जे लिहिलं त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

पत्रक चाललं. बसायला पाट नाहीत, पाठीला टेकू नाही, दुपारी उठायची मुभा नाही, हातांची तपासणी नाही, हे सगळं त्यात होतं आणि सगळं खरं होतं. बायकांनी एक दिवस सुऱ्या खाली ठेवल्या. शेटने प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं आणली, दुपारची सुट्टी दिली, आणि सगळ्यांना पुरेल असा वेदनाशामक मलम ठेवला. वर्षातून एकदा डॉक्टर आणीन असंही कबूल केलं. त्या दिवशी वडिलांनी घरी पेढे आणले. आई पेढा दोन बोटांच्या चिमटीत धरायला गेली, तो निसटून खाली पडला. "राहू दे, कुत्र्याला जाईल," असं म्हणत ती हसली, आणि आम्हीही हसलो.

शेटचा डॉक्टर यायच्या आधी आम्हीच आईला सरकारी दवाखान्यात नेलं. आम्हाला कागद हवा होता. कामामुळे हात गेले असं डॉक्टरच्या सहीने लिहिलेला. तिथला डॉक्टर तरुण होता, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा असेल. त्याने आईचे दोन्ही हात पुढे करायला सांगितले, बोटांच्या मुळाशी हलकेच दाबून पाहिलं, मग पायांची बोटंही दाबली. आई कळवळली. पाय दुखतात हे तिने आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

"सकाळी किती वेळ आखडलेले राहतात?"

"दोन तास तरी."

"हा कामाचा त्रास वाटत नाही," तो म्हणाला. "संधिवात असावा. सूज येणारा. रक्त तपासा आणि त्यातल्या डॉक्टरांना लवकर दाखवा. यात उशीर परवडत नाही."

मी विचारलं, "कामाचा नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हातांनी," तो म्हणाला. "दोन्ही सारखे आहेत."

मला तो उद्धट वाटला. बाहेर आल्यावर वडिलांनी चिठ्ठी वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. "रोग म्हटलं की शेट सुटला," ते म्हणाले. "आमच्याकडेही असंच करायचे. ड्रायव्हरची पाठ गेली की म्हणायचे, तुझी पाठ मुळातच कच्ची." मला हे पटलं. नुसतं पटलं नाही, मी पेटले. आठवड्याभरात दुसरं पत्रक काढलं. मथळा होता, 'दुखणं कामाचं, नाव रोगाचं?' आमच्या सगळ्या पत्रकांत ते सर्वांत चांगलं लिहिलेलं होतं. आजही त्यातली वाक्यं मला येतात. मी ती म्हणत नाही.

आईने विचारलं होतं, "रगत तपासायचं होतं ना?"

मी म्हटलं, "आई, त्यांना तुझ्यावर ढकलायचंय. तू फक्त विश्रांती घे."

आम्ही तिला कामावरून बसवलं. ती घरी बसली आणि हात जास्तच आखडले. मी म्हटलं, इतक्या वर्षांचं साचलेलं आहे, एका महिन्यात कसं जाईल? औषधांच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणायला लागलो. गोळी घेतली की ती भांडी घासायची, अंगण झाडायची, एकदा तर मावशीकडे जाऊन पापड लाटून आली. बरं वाटतंय म्हणायची. अशी दोन वर्षं गेली. दुखणं कमी होणं म्हणजे बरं होणं, यात आमच्या घरात कुणाला शंका आली नाही.

मग एका सकाळी तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट खाली लोंबलेलं दिसलं. दुखत नव्हतं. दोन्ही बोटं वळत होती, पण वर उचलली जात नव्हती. ती ओट्याशी उभी राहून डाव्या हाताने ती दोन बोटं वर करायची, सोडली की ती पुन्हा खाली. तिने ते तीन-चार वेळा करून पाहिलं. मी मागे उभी आहे हे तिला माहीत नव्हतं.

पनवेलला नेलं. पहाटेची एसटी, घाटातली वळणं, आईला उलटी. संधिवाताच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, बोलायला सावकाश. त्यांनी रक्त आणि एक्स-रे करून आणायला सांगितलं आणि दुपारी पुन्हा आत बोलावलं. पडद्यावर आईचे दोन्ही हात होते. पांढरी हाडं, काळी पार्श्वभूमी. तिचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवलेले मी दोन वर्षांनी पाहत होते.

डॉक्टरांनी पेनाच्या टोकाने एकेक जागा दाखवली. बोटांच्या मुळाशी हाडाची कड सलग हवी, तिथे लहान लहान खाचा होत्या, उंदराने पावाच्या कडा कुरतडाव्यात तशा. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला हाडाचं टोक गोल असायला हवं होतं, ते करवतीसारखं झालं होतं.

"बोट उचलणारी दोरी या टोकावरून जाते," त्या म्हणाल्या. "रोज घासली. तुटली."

"हे कशाने खाल्लं?" मी विचारलं.

 त्या आईकडे वळून तिलाच सांगायला लागल्या, आणि ते मला आवडलं. "हाड म्हणजे दगड नव्हे, आई. ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या अंगात त्या असतात. त्या नसतील तर हाड जुनं होऊन ठिसूळ होईल. आता या आजारात सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, आणि सुजलेलं अस्तर मोडणाऱ्या पेशींना सारखं बोलावत राहतं. बांधणाऱ्यांना मात्र गप्प बसवतं. मोडणारी पेशी हाडाला चिकटते, आपल्याखालची जागा कडेने बंद करून घेते आणि त्यात आम्ल सोडते. हाडातला चुना विरघळतो. मग उरलेला चिवट भाग ती पचवते आणि पुढे सरकते."

"आणि दुखण्याची गोळी?" आईने विचारलं.

"तिने दुखणं थांबतं. खाणं थांबत नाही."

 डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"वादळाच्या पुढल्या वर्षापासून."

"सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. तेव्हाच औषध सुरू झालं असतं तर यातलं पुष्कळ वाचलं असतं. तेव्हा कुणी काही सांगितलं नाही का?"

मी तोंड उघडलं. आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "न्हाय. कुनी न्हाय सांगितलं. वेळच न्हाय झाला बाई."

ती खोटं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. माझ्यासाठी.

उठायच्या आधी तिने आपला एकच प्रश्न विचारला. "मला दुसऱ्याच्या हातनं जेवायला लागंल का? तेवढं सांगा. बाकी कायबी चालंल."

डॉक्टर म्हणाल्या, "आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी देते. सूज उतरली की त्या पेशींना बोलावणं थांबेल. जे उरलंय ते आपण वाचवायचा प्रयत्न करू. गेलेलं हाड परत भरत नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही." दोरी जोडायची शस्त्रक्रिया होते, पण खालचं हाड खडबडीत आणि सांधा ढिला, तेव्हा फार भरवसा देता येत नाही, असंही त्यांनी सांगितलं. आईने मान हलवली. तिने विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं नव्हतं हे तिला कळलं होतं.

नंतर मी त्या पेशींबद्दल मिळेल ते वाचलं. मराठीत त्यांना अस्थिभक्षक पेशी म्हणतात. रक्तातून येणाऱ्या लहान लहान पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी होते, आणि मगच तिला हाड खाता येतं. एकेकटीला ते जमत नाही. एकजुटीचा असा उपयोग मी कुठल्या पत्रकात वाचला नव्हता. वाचताना मी शत्रू शोधत होते, सवयीने. सापडल्या त्या तिच्याच पेशी. त्या तिच्याच कामावर होत्या आणि चुकीच्या निरोपावर काम करत होत्या. निरोप थांबवायची वेळ दोन वर्षांपूर्वी होती. तेव्हा मी दुसरं पत्रक लिहीत होते.

मी ठरवलं की तिसरं काढायचं. त्यात सगळं लिहायचं, कापलेला हात, गाळलेलं वाक्य, खिशात गेलेली चिठ्ठी, सगळं. फोटो पूर्ण छापायचा.

वडिलांनी चष्मा काढला. "दुरुस्ती छापणारी संघटना मी आजवर पाहिली नाही."

"मग आज पाहा."

"अगं, बाकीच्या बायकांचं काय? त्यांची पाठ दुखते, अंगठे दुखतात, ते तर कामानेच ना? उद्या शेट सगळं घरचा रोग म्हणेल."

"आणि त्यांच्यात एखादीला आईचाच आजार असला तर? आपलं पत्रक वाचून ती विश्रांती घेत बसेल."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. वडील गप्प झालेले मला सहन होत नाहीत. ते वाद घालतात तेव्हा घर चालू आहे असं वाटतं. चिठ्ठी त्यांच्या जुन्या शर्टाच्या खिशात होती, धुतली जाऊन तिचा लगदा झाला होता, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. मी आईला विचारलं, लिहू का? ती कोथिंबीर निवडायचा प्रयत्न करत होती. "लिव की," ती म्हणाली. "माझं व्हायचं ते झालं. दुसरीचं तरी वाचंल." मग थोड्या वेळाने, "पन तुझ्या बापाचं नाव नको घालू त्यात."

पत्रक साधं लिहिलं. ठळक टाइप नाही, उद्गारचिन्ह नाही. काम कष्टाचं आहे, त्याने पाठ आणि अंगठे दुखतात, त्या मागण्या कायम आहेत. पण दोन्ही हात सारखे सुजत असतील, सकाळी तासन्‌तास मूठ वळत नसेल आणि हालचाल केल्यावर बरं वाटत असेल, तर तो वेगळा आजार आहे, थांबू नका, रक्त तपासा. आधीच्या पत्रकांत आम्ही चुकलो. फोटोत या वेळी दोन्ही हात होते. पडवीत मी स्वतः जाऊन वाटलं.

मावशीने वाचायला शेजारणीला दिलं, ऐकून घेतलं आणि सुरी खाली ठेवली.

"म्हंजे काय गो बाय? आमचं दुखनं खोटं?"

"नाही मावशी. तुमचं खरं आहे. आईचं वेगळं आहे."

"मागल्या टायमाला तूच म्हनलीस, कामानं जातात हात. आता म्हनतेस रोगानं जातात. उद्या काय म्हनशील, आमच्या पापानं?"

दोनचार जणी हसल्या. मी समजावत राहिले. दोन गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात हे मी त्या दिवशी तीन-चार पद्धतींनी सांगितलं आणि एकही पद्धत उपयोगाची नव्हती. मीच त्यांना एका हाताचा हिशेब शिकवला होता. आता दुसरा हात घेऊन गेले तर त्यांनी तो का धरावा?

शेट गल्ल्यावरून उठून आला आणि त्याने एक प्रत मागून घेतली. उभ्या उभ्या सगळं वाचलं. "ताई, प्रामाणिकपणा लागतो याला," तो म्हणाला, आणि पडवीच्या भिंतीवर, बायकांना समोर दिसेल असं, ते पत्रक चिकटवून टाकलं. मागण्या कायम आहेत ही ओळ चिकटपट्टीखाली गेली. कबूल केलेला डॉक्टर त्या वर्षी आला नाही. कुणी विचारलं की तो भिंतीकडे बोट दाखवायचा.

शेवटच्या रांगेत नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी बसते. तिची दोन्ही मनगटं फुगलेली मी पाहिली. बाहेर गाठून तिला म्हटलं, तू रक्त तपासून घे, मी येते बरोबर. ती म्हणाली, "सासूबाई म्हणतात, तुमचं आधीचं पत्रक बरोबर होतं. महिनाभर माहेरी जाऊन आराम करते, उतरेल." ती माहेरी गेली. ती परत आल्यावर दुसऱ्यांदा सांगायला तिच्या घरी गेले तेव्हा सासूने मला बाहेरच्या ओट्यावरच चहा दिला आणि आत येऊ दिलं नाही.

आईची सूज आता उतरली आहे. गोळी सोमवारी असते, दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं असतं. मागच्या एक्स-रेत नव्या खाचा नाहीत, डॉक्टरांना समाधान वाटलं. सांधे गार आहेत, गाठी उतरल्या आहेत, लांबून पाहिलं तर हात बरे वाटतात. बोटं मात्र करंगळीच्या बाजूला कलली आहेत आणि ती दोन बोटं खालीच असतात. डावा हात थोडा बरा आहे. त्या हातात चमचा धरून जेवायला ती शिकली. मी भरवू का, असं एकदाच विचारलं. तिने ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

दुपारी ती आम्हा दोघांना आधी जेवायला लावते. आमचं उरकलं की स्वयंपाकघराचं दार लोटून एकटी जेवायला बसते. वडील बाहेर पेपर उघडून बसतात, पान उलटत नाहीत. मी दाराशी असते. चमचा ताटावर वाजतो, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा वाजतो. कधी तो फरशीवर पडतो. मी उठून उभी राहते, आत जात नाही, कारण ती हाक मारत नाही. आतून तिच्या बांगड्या हलल्याचा आवाज येतो, ती वाकून, कोपर टेकून, बोटांनी तो चमचा फरशीवरून उचलायचा प्रयत्न करत असते. तो पातळ असतो आणि फरशी सपाट. बराच वेळ लागतो. डाळ तोवर गार होऊन जाते.